धूर कशावर आहे, ते आधी सांग

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. एक पेपर म्हणतो धुरामुळे पृथ्वी थंड होते, दुसरा म्हणतो तापते, आणि मार्गदर्शकांना प्रबंधाच्या शेवटी एकच ठाम वाक्य हवंय. म्हणून सगळं सोडून हिंजवडीतली नोकरी धरावी असं तुझ्या मनात आहे. खुशाल धर, पगार बरा असतो. पण पेपर एकमेकांना खोटं पाडतात म्हणून धरू नकोस. दोन्ही खरे आहेत, तू प्रश्न अर्धाच विचारलास. धूर कशावर आहे?

जून ते ऑक्टोबर आफ्रिकेच्या दक्षिण भागातली गवताळ रानं जळतात. तो धूर पश्चिमेला अटलांटिकवर सरकतो. उघडा समुद्र काळा, आलेल्या उन्हाचा दहावा भागही परत पाठवत नाही. त्यावर धूर पसरला की थोडं जास्त ऊन परत जातं, म्हणजे थंडावा. तोच धूर अंगोला-नामिबियाच्या किनाऱ्यापुढच्या पांढऱ्या, सखल ढगांवर आला की ढगाने परतवलेलं ऊनही वाटेत गिळतो, म्हणजे तापणं. रान तेच, कण तेच, आठवडाही तोच. नासाने 2016 ते 2018 या काळात तिथे विमानं नेली ती याच कोड्यासाठी. धूर ढगाच्या थरातच शिरला तर गोष्ट आणखी वेगळी: थेंब बारीक आणि पुष्कळ होतात, ढग उजळतो, पाऊस लांबतो, पण कण काळे असतील तर थर तापून ढग विरूही शकतो. हिमालयात काजळी बर्फावर बसते. ताजं हिम 80 टक्क्यांहून अधिक ऊन परतवतं, तिथे चिमूटभर काळंही भारी पडतं. आता तूच सांग, कशावर आहे हे न सांगता एक वाक्य कसं लिहिणार?

मला लोक हट्टी म्हणत आले. एका अहवालात उसाच्या पाचटाच्या धुराचा परिणाम म्हणून एक आकडा घालायचा होता. मी म्हटलं, दोन घालतो, जमिनीवरचा वेगळा आणि वातावरणाच्या माथ्यावरचा, म्हणजे पृथ्वीच्या एकूण हिशेबाचा, वेगळा. साहेब म्हणाले, वर कुणाला दोन आकडे कळत नाहीत. मी सही केली नाही. बढती एका धाकट्या सहकाऱ्याला मिळाली. अजून भेटला की वाकून नमस्कार करतो. पण 1999 च्या जानेवारी ते मार्च हिंदी महासागरावर जी मोठी मोहीम झाली, तिने हेच तर दाखवलं होतं. धुरकटाखाली पृष्ठभाग उन्हाला मुकतो, मधली हवा तापते. दोन्ही परिणाम दांडगे, आणि एक उणे एक अधिक म्हणून माथ्यावरची बेरीज किरकोळ दिसते. ती किरकोळ बेरीज छापून लोकांना निर्धास्त करायचं? आज तो कागद पुढे आला तर मी तीन आकडे मागेन: जमिनीचा, मधल्या हवेचा आणि माथ्याचा.

खंत आहे ती वेगळीच. मुळशी-वेल्ह्याकडे भाताच्या रोपांसाठी उन्हाळ्यात राब भाजतात. शेण, टहाळ, पालापाचोळा आणि वरून माती; ते भडकत नाही, तासन्‌तास धुमसतं. धुमसण्याचा धूर पांढुरका, काजळी कमी, सेंद्रिय कण जास्त. उसाचं वाळलेलं पाचट मात्र भडाभड पेटतं आणि त्यात काजळीचा वाटा वाढतो. पुण्यापासून तासा-दोन तासांवर दोन्ही नमुने हाताशी होते. मी निधीचे अर्ज करत बसलो आणि निवृत्त झालो. तू बसू नकोस. आणि 'पेंढा जाळणं' अशा एका रकान्यात सगळं कोंबू नकोस, मला राग येतो.

कार्बन डायऑक्साइडचा हिशेब तरी सोपा, असं तू लिहिलंयस. कुठे सोपा? पाचटातला बराचसा वायू पुढचा ऊस परत घेतो. इंडोनेशियात 2015 च्या एल निनोत दलदलीखालचं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा थर, जळलं, तो हजारो वर्षांचा साठा. आपल्या हयातीत भरून येणार नाही. धूर स्वतः आठवडाभरात पावसाने धुतला जातो, वायू शतकानुशतकं राहतो. म्हणून पाचट शेतात कुजवा म्हणताना हवामानाचा बागुलबुवा उभा करायची गरजच नाही. जमिनीचा ओलावा आणि फडाशेजारच्या वस्तीची फुप्फुसं एवढी कारणं पुरतात.

वैतागलो म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. इतका नेमका गोंधळ फार थोड्यांना पडतो.

तिसरं प्रकरण पाठव. तक्त्यात प्रत्येक धुरापुढे रकाना हवा: खाली समुद्र, माती, ढग की बर्फ, धूर ढगाच्या वर की आत, भडकलेला की धुमसलेला. रकाना रिकामा दिसला तर पुढे वाचणार नाही. आणि मार्गदर्शकांपुढे माझं नाव काढू नकोस, ते माझ्याच वेळचे आहेत.