कॉम्प्रेसर दर दोन मिनिटांनी चालू-बंद होतोय? गॅस भरण्याआधी घड्याळ लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सात वर्षांचा डबल डोअर फ्रिज, आतला दिवा लागतो, पण मागून 'टक' असा आवाज येतो, काही सेकंद घुमतं, परत 'टक' आणि शांत. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. दूध नासलं. मेकॅनिक म्हणतो गॅस संपलाय, साडेतीन हजार होतील. भरून घ्यावा का?

नका भरू. निदान अजून तरी नको.

मी सांगलीत बावीस वर्षं फ्रिज-एसीची कामं करतोय. 'गॅस संपला' हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात सोपं वाक्य, कारण गिऱ्हाइकाला ते तपासता येत नाही. पण घरगुती फ्रिजमध्ये गॅस कमी झाला की कॉम्प्रेसर सहसा थांबतच नाही. आत गारवा धरत नाही, म्हणून थर्मोस्टॅट कट होत नाही आणि बिचारा दिवसभर घुमत राहतो. फार वेळ चालून तापला तर ओव्हरलोडवर (जास्त तापलं की करंट तोडणारा स्विच) पडेल, पण तेसुद्धा बऱ्याच वेळाने. तुमचा तर काही सेकंदांत पडतोय. म्हणजे तो नीट चालूच होत नाहीये, आणि जो सुरूच होत नाही त्याच्या गॅसबद्दल काय बोलणार?

आधी मोबाईलमधलं स्टॉपवॉच लावून फ्रिजच्या मागे दहा मिनिटं बसा. घुमणं किती सेकंद आणि गप्प किती वेळ, लिहून ठेवा. पंधरा-वीस मिनिटं चालून तेवढाच वेळ थांबत असेल तर तो बिघाड नाही, फ्रिज असाच चालतो. फ्रॉस्ट फ्री फ्रिज तर मधूनमधून डीफ्रॉस्टसाठी वीस-पंचवीस मिनिटं गप्प बसतो, आणि त्यावरही मला फोन येतात. पण पाच ते वीस सेकंद 'घूंऽऽ' आणि मग 'टक', हा स्टार्ट न होण्याचा आवाज.

तो 'टक' ओव्हरलोडचा. कॉम्प्रेसरच्या बाजूला छोट्या काळ्या टोपणाखाली ओव्हरलोड आणि रिले (मोटर सुरू करून देणारा भाग) असतात. रिलेत पीटीसी नावाची बटणाएवढी चकती असते. ती गार असताना करंट स्टार्ट वाइंडिंगला (मोटरला सुरुवातीचा धक्का देणारी तारेची गुंडाळी) जाऊ देते आणि क्षणात तापून त्याची वाट जवळजवळ बंद करते. चकती तडकली की स्टार्ट वाइंडिंगला करंट मिळत नाही, मोटर जागच्या जागी घुमते. एरवी साधारण एक अँपिअर घेणारी मोटर अशा वेळी सात-आठ किंवा त्याहून जास्त ओढते, ओव्हरलोडची पत्ती तापून उलटते आणि 'टक'. पत्ती गार झाली की पुन्हा पहिल्यापासून.

पण रिलेवर हात टाकण्याआधी व्होल्टेज बघा. घरातल्यांना हे पटत नाही, 'बाकी सगळं चालतंय की' म्हणतात. अहो, एलईडी दिवा दीडशे व्होल्टवरही लख्ख पेटतो, कॉम्प्रेसर उचलत नाही.

गौरी-गणपतीतलं एक काम सांगतो. मखरासाठी हॉलमधला फ्रिज स्वयंपाकघरात सरकवलेला, भिंतीला अगदी चिकटवून, आणि माळांच्या एक्स्टेन्शन बोर्डावर जोडलेला. आवाज हुबेहूब तुमच्यासारखा. काकूंनी दोन मेकॅनिक करून पाहिले होते, दोघांनी गॅस सांगितला. मी बोर्डात मीटर खुपसला: २१०. काकू म्हणाल्या, 'बघा, करंट तर आहे.' तेवढ्यात कॉम्प्रेसरने उचल खाल्ली आणि काटा १५० च्या खाली. प्लग काढला तर एक पिन तपकिरी झालेली, वायर हाताला कोमट. बारीक तारेचा बोर्ड आणि आत सैल स्क्रू. फ्रिज वेगळ्या पॉवर पॉइंटला लावला, भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, दहा मिनिटं थांबून चालू केला. उचलला. त्या कामाचे पैसे मागायलाही लाज वाटली, नैवेद्याचे मोदक घेऊन आलो.

दहा मिनिटं थांबायचं कारण आहे. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर दोन्ही बाजूंचं गॅसचं प्रेशर कॅपिलरी नावाच्या बारीक नळीतून सारखं व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधी चालू केला तर मोटरला त्या प्रेशरविरुद्ध उठावं लागतं, आणि ते तिला जमत नाही. लाईट जाऊन लगेच आली की चांगला फ्रिजसुद्धा एकदोनदा 'टक' करतो तो त्यामुळेच. स्टॅबिलायझरमध्ये तीन मिनिटांचा डिले त्यासाठीच दिलेला असतो. म्हणून बटण खालीवर करत बसू नका.

तेव्हा प्लग काढा, पंधरा मिनिटं थांबा, भिंतीतल्या चांगल्या सॉकेटला थेट लावा आणि मीटर असलेल्या कुणाला तरी स्टार्टच्या क्षणी व्होल्टेज बघायला सांगा. १८० च्या खाली जात असेल तर दोष वायरिंगचा किंवा लाईनचा, फ्रिजचा नव्हे. नुसतं संध्याकाळीच होत असेल तर जवळजवळ नक्कीच.

व्होल्टेज ठीक असेल तर रिले. प्लग काढून मेकॅनिककडून ती उतरवून घ्या आणि कानाजवळ हलवा. पीटीसी खुळखुळ्यासारखी वाजली किंवा जळका वास आला तर गेली. (जुन्या कॉइलवाल्या रिलेत आतली दांडी हलतेच, ती वाजली म्हणून फेकू नका.) माझ्याकडे रिले आणि ओव्हरलोड मिळून काही शेकड्यांत काम होतं. त्याच नंबरचा ओव्हरलोड घ्या. तो काढून वायर थेट जोडणारे महाभाग आहेत. त्यांना दारातूनच परत पाठवा, कॉम्प्रेसर जळेल.

नवी रिले, चांगलं व्होल्टेज, तरी तेच? मग मेकॅनिककडून वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजून घ्यायचा. प्लग काढून कॉम्प्रेसरच्या तीन पिनांमधले तीन रीडिंग घ्या, सगळ्यात मोठं हे बाकी दोघांच्या बेरजेएवढं यायला हवं: १२, १८ आणि ३० ओहम असं काहीतरी. आणि मीटरवर कुठलीही पिन बॉडीशी जोडलेली दिसता कामा नये. हे सगळं बरोबर येऊनही उचलत नसेल तर कॉम्प्रेसर आतून जाम आहे, आणि सात वर्षांच्या फ्रिजला नवा कॉम्प्रेसर टाकायचा का, हा हिशेब तुमचा.

एक अपवाद. फ्रिजवर 'इन्व्हर्टर' लिहिलं असेल तर वरचं रिलेपुराण सोडा. त्यात पीटीसी नसते, इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं, तिन्ही रीडिंग सारखी येतात. त्याच्या कॉम्प्रेसरला थेट २३० व्होल्ट कुणालाही लावू देऊ नका.

आणि गॅसचं म्हणाल तर मागच्या पट्टीवर आर-६००ए आहे का वाचा. हा लायटरमधल्या गॅसचाच भाऊ, पेट घेणारा, आणि फ्रिजमध्ये असतो जेमतेम पन्नास ग्रॅमच्या आसपास. सीलबंद सिस्टिम उगाच कापली की हवा आणि ओल आत जाते, आणि नसलेला बिघाड तयार होतो.

सेकंदांचे आकडे आणि व्होल्टेज इथे टाका, पुढचं त्यावरून सांगतो. तोवर प्लग काढूनच ठेवा, आणि दूध शेजारी.