विरारच्या फ्लॅटसाठी गावचं घर विकावं का?

प्रश्न : वय ६७. गुहागर तालुक्यात चिरेबंदी कौलारू घर, २० गुंठे जमीन, हापूसची १२ कलमं. यजमान एसटीत होते, दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्यामागे मला २,४०० रुपये पेन्शन मिळते. माझ्या नावावर बँकेत ९ लाख आणि पतसंस्थेत ४ लाख आहेत. विरारचा मुलगा म्हणतो, घर-जमीन ३२ लाखांना विकू, ठेवीतले ८ लाख घालू, उरलेलं कर्ज काढून मोठा फ्लॅट घेऊ, तू आमच्याकडेच राहा. मुलगी हक्कसोड द्यायला तयार आहे. सही करू का?

उत्तर : ताई, या स्वरूपात नको. मुलाच्या मनात खोट आहे असं माझं म्हणणं नाही. पण या व्यवहारानंतर तुमच्या नावावर एकही छप्पर उरत नाही. म्हातारपणी बेघर होणारी बाई लगेच रस्त्यावर दिसत नाही. ती सहा महिने मुलाकडे, सहा महिने मुलीकडे अशी राहते, आणि तिच्या हाती कागद म्हणून काहीच नसतो.

आधी हिस्सा पाहू. मिळकत यजमानांनी स्वतः घेतलेली असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तुम्ही, मुलगा आणि मुलगी यांचा प्रत्येकी एक तृतीयांश. वडिलोपार्जित असेल तर हिशेब बदलतो, तुमचा हिस्सा मात्र राहतोच. ३२ लाखांतले सुमारे १० लाख ६७ हजार तुमचे आणि ठेवीतले ८ लाख, म्हणजे १८ लाख ६७ हजार रुपये तुम्ही घालणार. मग करारनाम्यावर तुमचं नाव किती हिश्शाने लागणार, हे मुलाला सरळ विचारा. बहुतेक उत्तर येईल की बँक नाही म्हणते. ते खरंही असू शकतं. सहमालकाला बँका सहसा सहकर्जदार करून घेतात आणि ६७व्या वर्षी लांब मुदतीचं कर्ज बसत नाही. पण मग फ्लॅट मुलाचा आणि त्यावर बोजा बँकेचा. हप्ते थकले तर जप्ती येते, तेव्हा ‘आई इथे राहते’ याला किंमत नसते. नॉमिनी म्हणून नाव लावलं तरी त्याने मालकी येत नाही.

‘पुढेमागे बिनसलं तर कायदा आहेच’ असंही कोणी सांगेल. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आहे खरं. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडल्यास प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते. पण ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली हवी. तोंडी वचनावर प्रकरण अडतं. शिवाय मुलाला दिलेलं घर परत मागता येतं, पण परक्याने रीतसर पैसे मोजून घेतलेलं घर परत येत नाही. तुमच्या बेतात तर घर विकलंच जाणार आहे.

आता महिन्याचा हिशेब. ८ लाख दिल्यावर ५ लाख उरतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्याच्या ८.२ टक्क्यांनी महिन्याला सुमारे ३,४१७ रुपये, पेन्शन धरून ५,८१७. न देता १० लाख गुंतवलेत तर दर तिमाहीला २०,५०० रुपये, म्हणजे पेन्शनसकट महिन्याला सुमारे ९,२३३. शिवाय राहतं घर आणि कलमांचं उत्पन्न. उरलेल्या ३ लाखांतले २ आजारपणासाठी बँकेत मुदत ठेवीत आणि १ घराच्या डागडुजीला. पतसंस्थेतले ४ लाख मुदत संपताच काढा. बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो लागू नाही.

कागदांचं काम मात्र या महिन्यातच. मृत्यूचा दाखला जोडून तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या आणि फेरफार, म्हणजे नावातला बदल, मंजूर झाला की नवा सातबारा काढून नाव तपासा. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीचा उतारा, वेगळा असतो, तिथे वेगळा अर्ज लागतो. पुष्कळ घरांत हाच राहून जातो आणि घरपट्टी वर्षानुवर्षं गेलेल्या माणसाच्या नावाने येते.

मुलीला हक्क सोडायचाच असेल तर तो भावाच्या नावे नव्हे, तुमच्या नावे सोडू दे. वारसाने आलेल्या मिळकतीत आईच्या नावे हक्कसोड करायला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. नोंदणी मात्र दुय्यम निबंधकाकडे हवीच. म्हणजे दोन तृतीयांश तुमच्याकडे येतं. पुढे मुलाला द्यायचं असेल तर दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करा. ते कधीही बदलता येतं. नोंदलेलं हक्कसोड पत्र मागे घेता येत नाही.

बँकेच्या रिव्हर्स मॉर्गेजवर, म्हणजे घर गहाण ठेवून बँकेकडून ठरावीक पैसे घेत राहण्याच्या योजनेवर, मात्र विसंबू नका. सामाईक वारसांच्या गावच्या घराला बँका सहसा उभं करत नाहीत.

मुलाला मदत करायची तर डागडुजीच्या लाखातून उरेल तेवढीच, तीही चेकने. पैसे देण्याआधी मे महिन्यात कौलं चाळून घ्या आणि वासे-रीपांना वाळवी लागली आहे का ते पाहा. मुंबईला जाऊन घर बंद ठेवलंत तर पाऊस आत शिरतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत छप्पर बसतं. कलमांच्या बाबतीत, जमीन खंडाने देऊ नका, सातबाऱ्याच्या इतर अधिकारांत कुळाचं नाव लागण्याची वाट कशाला उघडायची? फक्त त्या हंगामाच्या फळांचा लेखी करार करा, मोहोर पाहून, आणि निम्मी रक्कम फळ उतरवण्याआधी हातात घ्या.