उंदरांच्या केजमध्ये काही टाकलं तर डेटा बिघडतो का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी सोलापूरला एम.फार्मच्या सेकंड इयरला आहे, थिसिससाठी स्विस अल्बिनो (लॅबमधल्या पांढऱ्या) उंदरांवर काम चालू आहे. परवा रात्री रीडिंगसाठी अ‍ॅनिमल हाउसमध्ये थांबले होते तर एक उंदीर सारखा वरच्या जाळीचे गज चावत होता आणि शेजारच्या केजमधला एकाच कोपऱ्यात उलट्या कोलांट्या मारत होता, अर्धा तास झाला तरी थांबेना, बघवलं नाही मला. केजमध्ये भाताचं तूस, खाणं, पाण्याची बाटली, बास. सरांना विचारलं घरट्यासाठी काही टाकू का, तर म्हणाले अजिबात नको, व्हेरिएशन (म्हणजे एकेका उंदराच्या रीडिंगमधला फरक) वाढतं. मामांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत पॉवरलूम आहे, तिथला सुताचा वेस्ट फुकट मिळतो, तो चालेल का?
(एक विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : तू रात्री थांबलीस म्हणून तुला हे दिसलं. उंदीर रात्रीचा जीव, दिवसा आपण जातो तेव्हा सगळे गोळा होऊन झोपलेले असतात आणि आपल्याला वाटतं किती शांत आहेत. ते गज चावणं म्हणजे खेळ नाही गं, बाहेर पडायची धडपड असते ती, आणि रोज रोज करून तिचीच सवय लागते. एकदा पक्की झाली की नंतर केज कितीही चांगला कर, पूर्ण जाईलच असं नाही, म्हणून घरट्याचं सामान सुरुवातीपासून द्यायचं.

सूत मात्र टाकू नकोस. लांब धागा पिल्लांच्या पायाला गुंडाळला जातो, रक्त थांबतं, पाय जातो. शिवाय रंग आणि मशीनचं तेल असतं त्यात. त्यापेक्षा साधा बिनवासाचा पांढरा टिश्यू पेपर घे, ऑटोक्लेव्ह कर (म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक), प्रत्येक केजमध्ये 8-10 ग्रॅम टाक आणि रात्री बघत बस. उंदीर एक टोक दातात धरतो, पुढच्या दोन पायांनी ओढून उभ्या पट्ट्या काढतो, त्या तोंडात धरून कोपऱ्यात नेतो, सकाळपर्यंत वाटीसारखं घरटं तयार, काहीजण तर वरून झाकूनही घेतात. त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

आणि ही चैन नाही. आपल्याला 22-23 अंश बरं वाटतं म्हणून एसी तेवढ्यावर असतो, उंदराला मात्र 30 च्या आसपास निवांत वाटतं, म्हणजे बाहेर सोलापूरचं एप्रिलचं ऊन तापत असताना आत तुझे उंदीर थंडीत बसलेले असतात आणि खाल्लेल्यातलं बरंचसं अंग गरम ठेवण्यातच घालवतात. घरटं असलं की थंडी वाजली तर आत, उकडलं तर बाहेर, त्याचं तो ठरवतो.

आता सरांची शंका. ती चुकीची म्हणणार नाही मी, बऱ्याच जणांना तसंच वाटायचं, पण हे तपासून झालंय. 2004 साली हॅनो वुर्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वेगवेगळ्या लॅबमध्ये साधे केज आणि घरट्याचं वगैरे सामान भरलेले केज असे दोन्ही ठेवून वागणुकीच्या टेस्ट घेतल्या, व्हेरिएशन वाढलं नाही. नेचर या विज्ञान नियतकालिकात आलाय तो पेपर, प्रिंट काढून सरांना दे, वाद घालू नकोस. मेंदूवर परिणाम होतो हे मात्र खरं, 1997 ला गेज यांच्या गटाने दाखवलं की अशा सामान भरलेल्या केजमधल्या प्रौढ उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूचा आठवणींशी संबंधित भाग) नव्या पेशी जास्त टिकतात. म्हणूनच कंट्रोल (औषध न दिलेला गट) असो की ट्रीटमेंट, सगळ्या केजमध्ये तेच आणि तेवढंच टाकायचं. चालू बॅचमध्ये मध्येच बदल करू नकोस, पुढच्या बॅचला पहिल्या दिवसापासून दे, आणि एथिक्स कमिटीला आधी लेखी कळव, मंजूर प्रोटोकॉलमध्ये न विचारता बदल करायचा नसतो.

नर असतील तर जरा जपून, एकच घर ठेवलं तर एकजण दार अडवून बसतो आणि मारामारी होते. पाठीवर, शेपटीच्या बुडाशी चावल्याच्या खुणा रोज बघायच्या. केज बदलताना जुन्या घरट्यातला कोरडा भाग नव्या केजमध्ये टाक, ओळखीचा वास राहिला की भांडणं कमी होतात, पण मुतलेलं तूस नको, त्याने उलट वाढतात.

अजून एक, तू विचारलं नाहीस तरी सांगते. शेपटीला धरून उचलणं बंद कर. 2010 मध्ये जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवलं की शेपटीने उचललेले उंदीर जास्त घाबरलेले राहतात, नळीत शिरवून किंवा ओंजळीत उचललेले लवकर सरावतात. मामांकडून सुताऐवजी कापड गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या कोऱ्या नळ्या आण, आतून साधारण 5 सेंटिमीटर रुंद, वीतभर तुकडे कर, दोन्ही तोंडं उघडी ठेव, ऑटोक्लेव्ह करून केजमध्येच राहू दे. उंदीर आपणहून आत बसतो, तू फक्त नळी उचलायची.