हृदयात रोगप्रतिकारक पेशी कायम असतात, की हार्ट अटॅक आल्यावरच येतात?

दोन्ही. निरोगी हृदयातही त्या असतात. सर्वांत जास्त मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी. टी, बी आणि मास्ट पेशी असतात, पण थोड्या.

नाशिककरांच्या भाषेत सांगतो. काही पिढीजात पंचवटीकर, तर काही सिंहस्थाच्या बंदोबस्ताला बाहेरून आलेले पोलीस. पंचवटीकर भक्षक पेशी आपण आईच्या पोटात असतानाच, गर्भाच्या पीतक पिशवीतून आणि यकृतातून हृदयात येऊन बसतात आणि बहुतांशी तिथेच विभागून आपली संख्या टिकवतात. बाहेरच्या म्हणजे अस्थिमज्जेत तयार होऊन रक्तातून येणाऱ्या मोनोसाइट. हृदयात शिरल्यावर त्यांच्याही भक्षक पेशी होतात.

स्थानिकांचं रोजचं काम साफसफाईचं: मेलेल्या पेशी, स्नायुपेशींनी बाहेर टाकलेले निकामी मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) गिळणं. पण मला भारी वाटतं ते वेगळंच. वरच्या कप्प्यांतला विद्युत संदेश खालच्या कप्प्यांकडे जातो तो एव्ही नोडमधून. तिथे या पेशी स्नायुपेशींना जोडलेल्या असतात आणि संदेश पुढे जायला मदत करतात, हे २०१७ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं. आमच्या कॉलेजच्या पुस्तकात यातलं अवाक्षर नव्हतं!

अटॅकनंतर आधी न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी धावतात, मागोमाग मोनोसाइट. त्यांतल्या बऱ्याच प्लीहेच्या साठ्यातून. आधी मेलेला भाग साफ, मग व्रण भरणं. बंदोबस्त फार लांबला तर मात्र चांगल्या स्नायूचंही नुकसान होतं, आणि अजिबात आलाच नाही तर व्रण कच्चा राहतो.