मुलाला पेस अकादमीत घालायचंय? आधी तिथली चेंडूंची वही मागा

प्रश्न असा आहे: "मुलगा १४ वर्षांचा, उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करतो. रोज संध्याकाळी दोन तास नेटमध्ये टाकतो, तरी वेग वाढत नाही. चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये प्रवेश कसा मिळेल? की पुण्यातलीच एखादी अकादमी बरी?"

प्रवेशाचं शेवटी सांगतो. आधी त्या 'रोज दोन तास'बद्दल बोलू द्या. पालक हे अभिमानाने सांगतात आणि माझ्या पोटात दरवेळी गोळा येतो.

हिशेब करा. नेटमध्ये तीन गोलंदाज आणि दर अर्ध्या मिनिटाला एक चेंडू धरला, तर दोन तासांत २४० चेंडू पडतात. तुमच्या मुलाच्या वाट्याचे ८०, म्हणजे १३ षटकांहून जास्त. सहा दिवसांचे झाले ४८०. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वर्षानुवर्षं वापरलेली मर्यादा बघा: १४-१५ वर्षांच्या मुलाला एका स्पेलमध्ये, म्हणजे न थांबता एका दमात, ६ षटकं, दिवसात १२, सरावाची आठवड्यातून दोनच सत्रं, प्रत्येकी ३६ चेंडूंची. सात दिवसांत चारहून जास्त दिवस गोलंदाजी नाही. म्हणजे सरावाचे ७२ चेंडू. तुमचा मुलगा त्याच्या साडेसहा पटींहून जास्त टाकतोय, सामने वेगळेच. वेग का वाढत नाही, तेही इथेच कळतं. ८० चेंडू टाकायचेत हे माहीत असलेला मुलगा पाऊण जोर लावायला शिकतो, आणि शरीराला तोच वेग पाठ होतो.

आता जूनमध्ये कंबर धरून येणारा मुलगा. तो दरवर्षी येतो, फक्त नाव बदलतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा म्हणून त्याने चेंडूला हात लावलेला नसतो. एप्रिलमध्ये उन्हाळी शिबिर, सकाळ-संध्याकाळ. सुट्टीतले क्लबचे सामने चालूच. रविवारी टेनिस बॉलची स्पर्धा, ती तर कोणी गोलंदाजीत धरतच नाही. मेमध्ये जिल्ह्याच्या निवड चाचण्या. शिबिराचा कोच, क्लबचा कोच, गल्लीतला कप्तान, प्रत्येकाला आपल्यापुरती पाच-सहा षटकं दिसतात. बेरीज कोणीच करत नाही. शून्यावरून एकदम चारशे चेंडूंवर गेलेलं हाड ते कसं सोसणार?

उजव्या हाताच्या गोलंदाजाला दुखतं ते बहुतेक डाव्या बाजूला, पट्ट्याच्या रेषेत, मणक्याच्या लगत. एका पायावर उभं राहून मागे वाकलं की कळ येते. पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाचपट किंवा त्याहून जास्त जोर वर येतो, आणि त्याच क्षणी कंबर एका बाजूला वाकून पिळलेली असते. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मागच्या कमानीतलं अरुंद हाड यात चिरतं. घरी बाम आणि शेक, मैदानावर फवारा. मग एक्स-रे काढतात. सुरुवातीच्या चिरेत तो पुष्कळदा साफ येतो, म्हणून 'काही नाही' म्हणत मुलगा पुन्हा टाकायला लागतो आणि चिरेचं फ्रॅक्चर होतं. या टप्प्यावर एमआरआयच हवा. वेळेवर सापडलं तर काही महिन्यांच्या विश्रांतीत भरून येतं. उशीर झाला तर आख्खा मोसम जातो.

यावर जुने कोच एकच बोलतात: आमच्या वेळी दिवसभर टाकायचो, कोणाला काही झालं नाही. ज्यांना झालं ते खेळ सोडून गेले म्हणून दिसत नाहीत, एवढंच. आणि एमआरएफचं नाव घेताच ना? १९८७ मध्ये ती संस्था सुरू झाली तेव्हा घडवायला आणलेला माणूस होता ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली. १९७३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात लिलीच्याच पाठीचं हाड चिरलं, कंबर प्लॅस्टरमध्ये गेली, आणि नव्याने अ‍ॅक्शन, म्हणजे चेंडू टाकायची ढब, बसवून तो १९७४-७५ च्या अ‍ॅशेसमध्ये, इंग्लंडविरुद्धच्या कसोटी मालिकेत, परतला. पाठ जपायला सांगणारे कोच मऊ असतात, असं म्हणणाऱ्यांनी त्याचे नंतरचे बळी मोजावेत.

अ‍ॅक्शनचं म्हणाल, तर 'साइड-ऑनच हवी' म्हणणाऱ्या कोचपासून मुलाला लांब ठेवा. साइड-ऑन चालते, फ्रंट-ऑनही चालते. घातक आहे ती मिश्र. मोबाइल स्लो मोशनवर टाका, एकदा गोलंदाजाच्या बरोबर मागून आणि एकदा क्रीजच्या रेषेत बाजूने, कंबरेच्या उंचीवर. मागचा पाय टेकल्याच्या क्षणी थांबवा. पाऊल क्रीजला समांतर आणि खांद्यांची रेष फलंदाजाकडे, म्हणजे छाती बाजूला, असेल तर साइड-ऑन. पाऊल फलंदाजाकडे आणि छातीही तिकडेच, तर फ्रंट-ऑन. पाऊल आणि कंबर समोर, पण खांदे बाजूला वळलेले, तर मिश्र. मग पुढचा पाय टेकेपर्यंत बघा. तेवढ्या वेळात खांदे ३० अंशांहून जास्त उलटे, मागे वळत असतील तर काम करावंच लागेल. ते काम पावलापासून सुरू होतं, खांद्यापासून नाही: मागचं पाऊल आणि कंबर खांद्यांच्या दिशेला आणायची. आधी जागेवरून, मग तीन पावलांवरून, मग अर्ध्या रनअपवरून. मोसम चालू असताना याला हात लावू नये.

वेगाचा मोठा हिस्सा रनअप आणि पुढच्या गुडघ्यात असतो. बहुतेक मुलांचा रनअप गरजेपेक्षा लांब असतो, उडी मारेपर्यंत वेग ओसरलेला असतो. मोकळ्या मैदानात, स्टंप न लावता, मुलाला धावत येऊन टाकू द्या आणि उडीची जागा खुणेने नोंदवा. सात-आठदा केलं की सरासरी अंतर मिळतं, ते टेपने मोजून पक्कं करा. झहीर खानने २००६ मध्ये इंग्लंडच्या वूस्टरशर काउंटीकडून खेळताना रनअप आखडला आणि त्यानंतरच तो खरा घातक झाला. गुडघा: चेंडू सुटताना पुढचा पाय ताठ राहिला तर धावेचा जोर वर खांद्यात जातो, वाकला तर जमिनीत जिरतो. तो ताठ ठेवायला मांडीच्या मागच्या स्नायूंची आणि पुठ्ठ्यांची ताकद लागते. १४ व्या वर्षी एका पायाचे स्क्वॅट, प्लँक, मेडिसिन बॉलची फेक एवढं पुरे.

स्पीड गनवर, म्हणजे चेंडूचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, पैसे घालायचे तर ती चेंडूच्या रेषेत, बरोबर समोर किंवा मागे धरा. २० अंश तिरकी धरली की आकडा सहा टक्क्यांनी घसरतो. ताशी ११० किलोमीटरचा चेंडू १०३ दाखवतो.

अकादमी पाहायला जाल तेव्हा नेट किती आहेत ते मोजू नका. प्रत्येक मुलाने आज किती चेंडू टाकले याची वही मागा, आणि त्यात क्लबचे व टेनिस बॉलचे चेंडू धरतात का विचारा. वही नसेल तर परत फिरा. मग क्रीजजवळ जाऊन पायाखाली काय आहे ते बघा. सिमेंटवर मॅट टाकलेली असेल तर तिथे रोज पूर्ण जोराने टाकू देऊ नका. नडग्या आणि टाचा आधी बोलतात. अशा ठिकाणी स्पाइक नकोत, जाड रबरी सोलचे बूट हवेत. दर महिन्याला मुलाची उंची भिंतीवर नोंदवा. महिन्याला पाऊण सेंटिमीटरच्या आसपास वाढत असेल तर षटकं आणखी कमी करा, त्या काळात हाड स्नायूंच्या पुढे धावत असतं.

एमआरएफ फी भरून प्रवेश देत नाही, निवड करते. श्रीरामपूरचा झहीर सतराव्या वर्षी मुंबईत आला, सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमधून खेळला, आणि एमआरएफचे कोच टी. ए. शेखर यांनी त्याला चेन्नईला नेलं. १४ व्या वर्षी काही हुकलेलं नाही. वाट सामन्यांमधूनच जाते, म्हणून पुण्यातच जिल्ह्याचे आणि क्लबचे सामने मिळतील अशा ठिकाणी घाला.

हे आकडे फिरकीवाल्यांना लागू नाहीत. डावखुऱ्याला दुखण्याची बाजू उलट. आणि मी डॉक्टर नाही, म्हणून कंबर दोन आठवड्यांहून जास्त दुखली तर माझं उत्तर बाजूला ठेवून खेळाडू तपासणाऱ्या हाडांच्या डॉक्टरकडे जा.