'फिल्मफोर वाहिनीची टेलिफिल्म' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय: 'माय ब्युटिफुल लॉन्ड्रेट' (1985) या ब्रिटिश चित्रपटाला एका मराठी लेखात 'फिल्मफोर वाहिनीची टेलिफिल्म' म्हटलंय, ते बरोबर आहे का?

'वाहिनी' आधी निकालात काढू. 1985 साली या नावाची वाहिनीच नव्हती. होती ती चॅनल फोर, 2 नोव्हेंबर 1982 ला सुरू झालेली. तिच्यावर चित्रपटांचं एक सदर चाले, 'फिल्म ऑन फोर'. फक्त चित्रपटांची फिल्मफोर वाहिनी आली 1998 च्या नोव्हेंबरात, तीही पैसे भरून बघायची. 2006 मध्ये ती फुकट झाली. आता गंमत बघा. त्याच 1998 मध्ये चॅनल फोरने आपल्या चित्रपट विभागाची वेगळी कंपनी केली आणि तिलाही नाव दिलं फिल्मफोर. गोंधळ इथलाच. 2002 मध्ये तोट्यापायी कंपनी गुंडाळून विभाग पुन्हा चॅनल फोरमध्ये घेतला. वाहिनी मात्र चालूच राहिली.

'टेलिफिल्म'चा मामला जास्त गुंतागुंतीचा. आपल्याकडे हा शब्द रुळला तो दूरदर्शनमुळे: सत्यजित राय यांची 'सद्गती' दूरदर्शनसाठीच केलेली, म्हणून टेलिफिल्म. या हिशेबाने चॅनल फोरने पहिल्याच रात्री दाखवलेल्या, स्टीफन फ्रिअर्स दिग्दर्शित 'वॉल्टर'ला कुणी टेलिफिल्म म्हटलं तर माझी तक्रार नाही. पण 'लॉन्ड्रेट'? दिग्दर्शक तोच, पैसा चॅनल फोरचा, चित्रीकरणही 16 मिलीमीटर फिल्मवर, टीव्हीचाच विचार करून. एडिंबरा महोत्सवात मात्र तो असा गाजला की थेट चित्रपटगृहांत लागला, आणि हनीफ कुरेशी यांच्या पटकथेला ऑस्कर नामांकनही मिळालं. हेतू बघितला तर टेलिफिल्म, प्रवास बघितला तर चित्रपट. मी प्रवासाच्या बाजूने. टेलिफिल्म म्हटलं की मराठी वाचकाला ती थिएटरात लागलीच नसेल असं वाटतं, आणि इथे ते सरळ चुकीचं ठरतं.

मग लिहायचं काय? 'चॅनल फोरने पैसा घातलेला चित्रपट'. 'चॅनल फोर निर्मित' मी टाळतो, कारण बाहेरच्या निर्मात्यांकडून काम करून घ्यायचं, अशीच तेव्हा या वाहिनीची घडण होती. 'अर्थसाहाय्य'ही नको, त्याला अनुदानाचा वास येतो. मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे'तही (1988) एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाबरोबर चॅनल फोरचा पैसा होता; म्हणून कुणी त्याला चॅनल फोरची निर्मिती म्हणत नाही.

मुंबईत चित्रित झालेल्या 'स्लमडॉग मिलियनेअर'बद्दल (2008) लिहिताना मात्र 'फिल्मफोर' चालेल. तेव्हा चित्रपट विभागाचं नाव तेच होतं, फक्त शेवटी आकडा लावून: 'फिल्म4'. 'वाहिनी' तेवढं तिथेही गाळा.