मेडिकलच्या आधीचे बारा दिवस

"मॅडम, मेडिकलला तीन आठवडे आहेत. आठ किलो उतरवायचेत. भूक मारायची काही मानसिक युक्ती असते का?"

मेडिकल म्हणजे लायसन्ससाठीची वैद्यकीय तपासणी. वैमानिकांकडून हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याचदा आलेला आहे. या वेळी तो विचारणारे एक्केचाळीस वर्षांचे होते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलते आणि त्यांना नुसतं कॅप्टन म्हणते. उंची १७३ सेंटीमीटर, वजन ९४ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, ३१.४; हा आकडा त्यांनी दशांशासकट सांगितला. नावाच्या आधी.

दर वर्षी मेडिकल जवळ आलं की कॅप्टन बारा दिवस जवळजवळ पातळ पदार्थांवर काढत. शेवटच्या दिवशी पाणीसुद्धा तोडत. काटा खाली यायचा, शिक्का मिळायचा, आणि पुढच्या दोन महिन्यांत गेलेलं सगळं परत यायचं, वर थोडं व्याजही. हे सहा वर्षं चाललं होतं.

मी विचारलं, "त्या बारा दिवसांत रजा घेता?"

"नाही. उडतो."

मग बराच वेळ ते खिडकीकडे बघत राहिले. मागच्या वर्षीचा अकरावा दिवस, त्या दिवसाचं चौथं सेक्टर, म्हणजे चौथं उड्डाण. उतरताना कंट्रोलरने रेडिओवर त्यांचं कॉल-साइन, म्हणजे विमानाचं नाव, घेऊन उंची सांगितली. कानावर पडली, पण डोक्यात शिरली नाही. 'से अगेन' म्हणावं लागलं. पुन्हा सांगितली, पुन्हा निसटली. शेवटी शेजारच्या एफओने, म्हणजे सहवैमानिकाने, उत्तर दिलं. झालं काहीच नाही. एफओसुद्धा काही बोलला नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं होतं.

वैमानिक ड्युटीआधी स्वतःला तपासायला 'आयएमसेफ' ही इंग्रजी आद्याक्षरांची यादी वापरतात: आजार, औषध, ताण, दारू, थकवा आणि शेवटचं ई. हे ई कुठे 'इमोशन' म्हणजे भावना म्हणून शिकवतात, कुठे 'ईटिंग' म्हणजे खाणं म्हणून. मी म्हटलं, "त्या दिवशी तुमचा एफओ असा उपाशी आला असता तर?"

"घरी पाठवला असता." मग हळूच म्हणाले, "माझे दोन्ही ई गेले होते त्या दिवशी."

भूक मारायची युक्ती त्यांनी पुन्हा मागितली नाही.

आता त्या भीतीबद्दल. वजन जास्त म्हणजे लायसन्स गेलंच, असं बरेच जण धरून चालतात. देशोदेशी नियम वेगळे आहेत आणि काही ठिकाणी टेम्पररी अनफिट हा शिक्का बसतोही, पण तपासणाऱ्या डॉक्टरांचं लक्ष काट्यापेक्षा त्याच्यासोबत काय आलंय याकडे असतं: रक्तदाब, साखर, हृदय, झोप. युरोपात बीएमआय ३५ किंवा त्याहून जास्त असला तरी दार बंद होत नाही. हृदयाचा धोका तपासून निर्णय होतो. अमेरिकेत २०१३ मध्ये बीएमआय ४० च्या वरच्या वैमानिकांची सरसकट झोपेची तपासणी करायचा प्रस्ताव आला होता. त्यावर गदारोळ झाला, आणि २०१५ पासून नुसत्या बीएमआयवर न जाता इतर लक्षणंही बघायचं ठरलं.

झोपेचं नाव निघालं म्हणून माझी चूकही सांगून टाकते. पहिल्या दोन भेटींत मी खाणं आणि लाज यांच्यामागेच राहिले. लाज होतीच. युनिफॉर्मचा साइज बदलून घ्यायला ते स्वतः जात नसत. पण झोपेचं मी विचारलंच नाही. तिसऱ्या भेटीला पत्नी सोबत आल्या आणि सहज बोलून गेल्या, "हे घोरता घोरता मध्येच थांबतात. मी श्वास मोजत जागी राहते."

कॅप्टनचा चेहरा उतरला. त्यांना ते माहीत होतं. २००८ साली हवाई बेटांवरच्या एका छोट्या उड्डाणात दोन्ही वैमानिक झोपले आणि विमान उतरायचं ठिकाण मागे टाकून पुढे गेलं. त्यातल्या कॅप्टनला नंतर तीव्र स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा आजार, निघाला. ही गोष्ट त्यांनीच मला सांगितली, सगळ्या बारकाव्यांसकट. म्हणजे भीती काट्याची नव्हतीच. काटा बरा दिसला तर झोपेचं कोणी विचारणार नाही, असा हिशेब होता.

शिवाय झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं. रात्री दोन ते सहा या वेळात शरीर झोपायला बघत असतं, तेव्हा समोर क्रू मीलचा ट्रे येतो. "भूक म्हणून खाता की जागं राहायला?" असं विचारल्यावर ते हसले. "क्रूझमध्ये ट्रे हाच कार्यक्रम असतो." क्रूझ म्हणजे विमान वर एकाच उंचीवर चाललेलं असतं तो वेळ. हॉटेलच्या खोलीत तर तेवढंही कोणी सोबतीला नसतं.

डाएट मी दिलं नाही, ते माझं कामही नाही. वजनकाटा सहा आठवडे पत्नीच्या कपाटात गेला. रात्रीच्या ड्युटीआधी नीट जेवण, पहाटे लागलंच तर थोडंसं, लेओव्हरला, म्हणजे दोन ड्युट्यांमधल्या बाहेरगावच्या मुक्कामात, झोप आधी आणि बाकी सगळं नंतर, एवढंच त्यांनी ठरवलं. वजन उतरवायच्या इंजेक्शनचं त्यांनी विचारलं, तेव्हा मी सरळ सांगितलं: एव्हिएशनच्या डॉक्टरांना न विचारता कुठलंही औषध नको.

अवघड होतं ते मेडिकलची वाट न बघता स्वतःहून डॉक्टरांकडे जाणं. त्यासाठी आमच्या दोन भेटी गेल्या. एकदा दारापर्यंत जाऊन ते परत आले. शेवटी गेले. तपासणीत मध्यम स्वरूपाचा ॲप्निया निघाला आणि त्यांना काही आठवडे जमिनीवर बसावं लागलं. ते आठवडे वाईट होते. पगाराची चिंता, सहकाऱ्यांचे फोन, एकदा माझ्यावरही राग निघाला: "तुमचं ऐकलं नसतं तर आज उडत असतो." यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. मी ऐकून घेतलं.

मग झोपेत मास्कमधून हवा देऊन श्वास चालू ठेवणारं सीपॅप मशीन आलं. रोज किती तास वापरलं याची नोंद मशीनच ठेवतं, ती दाखवून ते अटींसह पुन्हा उडू लागले. दुपारचं जड डोकं गेलं. वजन मात्र फारसं हललं नाही.

पुढच्या वर्षी मेडिकल झाल्यावर त्यांचा फोन आला. फिट. वजन ९१.

"आणि मॅडम," ते म्हणाले, "आदल्या रात्री जेवलो होतो."